चौकटीवरची डबी

रविवार, ८ जानेवारी २०२३

वकीलसाहेब म्हणाले, "राणीताई, आजपासून जे घडेल ते तारीख घालून लिहून ठेवा. कोण आलं, काय बोललं, सगळं. कोर्टात उपयोगी पडतं." म्हणून ही वही. सुरुवातीची सहा पानं गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजच्या मापांची आहेत, ती कोर्टानं बघायची नाहीत.

तर लिहिते. मी राणी तानाजी गडदे, वय सेहेचाळीस, राहणार सांगली, नदीकडचा इस्राएलाचा बंगला. पुढच्या सोप्यात माझा शिवणक्लास चालतो. नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी आटवायच्या कामावर. वर्षातनं दोनदा येतो. लेक सृष्टी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

बंगला आमचा नाही, पण आमचा आहे. हे वाक्य वकिलांना सांगितलं तर ते हसले. हसण्यासारखं काय आहे त्यात? बंगला अब्राम कोर्लेकर साहेबांचा. पाटबंधाऱ्याचे इंजिनियर, जातीनं ज्यू, पण इथं ज्यू कोण म्हणतंय, इस्राएल म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात माझा बाप कोंडीबा आटपाडीकडनं मेंढरं घेऊन निघाला. सांगलीत पोचला तेव्हा हातात नुसती काठी होती. साहेबांनी गेटाच्या आत घेतलं. तीन वर्षांनी साहेब, त्यांची बायको आणि लेक तिकडं इस्राएल देशात गेले, मुलगा ठाण्याला नोकरीवर राहिला, आणि किल्ली आबाकडं आली. मी जन्मले ती इथंच.

आता मुद्द्याचं. समोरच्या दाराच्या उजव्या चौकटीवर, हात वर केला की पोचेल अशा उंचीला, एक पितळी डबी आहे. बोटाएवढी, जरा तिरकी बसवलेली. तिच्यात कागद आहे. आबा सांगायचा, "तुजं नि तुज्या लेकरांचं दिस ह्या भुईवर वाढतील, वर आभाळ हाय तवर, असं लिवलंय त्यात. सायबानं सोता वाचून दावलंय मला." हाच आमचा हक्काचा कागद. दुसरा नाही.

साहेबांच्या मुलाचा मुलगा बेनीसाहेब. डिसेंबरात एक टाइप केलेलं पत्र घेऊन आला. "आम्ही मालक नाही, देखभालीसाठी राहतो, मालकांनी सांगितल्यावर घर सोडू." खाली माझं नाव आणि सहीची रेघ. १२ फेब्रुवारीच्या आत सही द्या म्हणतोय. मी म्हटलं, "आमचा कागद दारावर हाय. आधी तो वाचा." त्यानं डबीकडं बघितलं आणि चक्क हसला. घराण्याचा वारस, आणि आत येताना डबीला हात लावत नाही!

बुधवार, ११ जानेवारी

कलाकार आले. पुण्याहून दोघं, संयोगिता आणि शिवतेज. तिशीतले. ज्यू घरांवर काहीतरी कलेचं करायला त्यांना कुठल्याशा संस्थेनं पाठवलंय. महिनाभर राहून घरात काम करायचं, मग लोकांना बोलवून दाखवायचं. बेनीसाहेबांची परवानगी आहे. मला वाटतं, घराचं म्युझियम होणार. झालं तर बरंच, म्युझियम कुणी पाडत नाही आणि म्युझियमलाही राखणदार लागतो.

पाहुणे येणार म्हणून मी चार दिवस राबले. सोप्याला, बैठकीला डिस्टेंपर मारून घेतला, दाराला ऑइलपेंट दिला, फरशी सोड्यानं घासली. संयोगिता आत आली, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाली, "राणीताई, ती पुराची रेघ कुठाय?"

"कुठली? दोन हजार एकोणीसची? पुसली की. लय घाण दिसत हुती."

बाई मटकन पायरीवर बसली. म्हणाली, फोटोत ती रेघ बघूनच तिनं हे घर निवडलं होतं. आता बोला! आयर्विन पुलाला सत्तावन्न फूट पाणी होतं तेव्हा आम्ही चार दिवस शाळेच्या माळ्यावर काढले, चिखल उपसता उपसता माझ्या नखांचे तुकडे पडले, आणि हिला ती रेघ पाहिजे. पाहुण्यांना कुणी डाग दाखवतं का? शेवटी मागच्या खोलीत एक रेघ शिल्लक निघाली. तिच्यावर तिनं लगेच चिठ्ठी डकवली, "पुसू नये." सृष्टी म्हणाली, "आई, आता ही चिठ्ठी पण पुसू नको." आगाऊ कार्टी.

शनिवार, १४ जानेवारी. भोगी

आज मशीन बंद. आमचा क्लास रविवारी चालू आणि शनिवारी बंद असतो, सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. शनिवारी पुढच्या स्वयंपाकघरात जाळ करायचा नाही, मशीन चालवायचं नाही, ही आबानं घालून दिलेली रीत. साहेबांच्या वेळची. भोगीची भाजी, बाजरीच्या भाकरी मी मागच्या पडवीत चुलीवर केल्या. पडवी बंगल्यात धरत नाहीत, असं आबानंच ठरवलं होतं. कशाच्या जोरावर, ते विचारायचं राहिलं.

शिवतेज घरातले आवाज रेकॉर्ड करतो. गेट, नळ, माझं मशीन. आज यंत्र लावून बसला आणि विचारलं, "ताई, आज मशीनचा आवाज नाही?" मी कारण सांगितलं तर त्यानं संयोगिताकडं बघितलं, तिनं त्याच्याकडं बघितलं. मग तो म्हणाला, "मग आज हा गप्पपणाच रेकॉर्ड करतो." दोन तास गप्पपणा रेकॉर्ड केला. शिकलेली माणसं.

जेवताना संयोगिता डबीबद्दल बोलली. म्हणाली, याला मेझुझा म्हणतात, प्रत्येक ज्यू घराच्या दारावर असतो, आत चामड्यावर हातानं लिहिलेली प्रार्थना असते. सगळीकडं तीच.

मी म्हटलं, "असंल सगळीकडं. ह्या दारावरचं निराळं हाय. सायबानं माज्या बापाला वाचून दावलंय."

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. तिला काय माहीत! पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि बापानं सांगितलेलं वेगळं.

गुरुवार, १९ जानेवारी

संयोगितानं मला कामाला लावलं, आणि खरं सांगू, लय आवडलं. तिनं मांजरपाट कापडाचे ठाण आणलेत. प्रत्येक भिंतीवर कापड लावून ती काळ्या खडूनं घासते, भिंतीचे पोपडे, खिळे, भेगा कापडावर उठतात. मग मी ते तुकडे जोडायचे. अख्खं घर कापडाचं करून पुराच्या रेघेच्या उंचीला टांगायचं, लोकांनी खालनं फिरायचं. मी दुहेरी शिलाई घालते. ती म्हणाली, "एकेरी पुरे, महिनाभर तर टिकायचंय." मी म्हटलं, "माज्या हातचं महिन्यात उसवत न्हाई."

चौकटीचा ठसा घेताना तिनं डबीवरनं कापड फिरवलं आणि माझ्या हळदीकुंकवाचे थर हाताला लागले म्हणून थबकली. दसऱ्याला मी झेंडू वाहते, सणावाराला कुंकू लावते. दरवर्षी दाराला रंग देताना डबीलाही देते. तिला वाटलं मी काही चुकीचं केलं, असा चेहरा झाला. मग हळूच म्हणाली, "किती जपलंय तुम्ही."

बेनीसाहेब एका माणसाला घेऊन आले होते. त्याच्याकडं टिकटिक वाजणारं मोजमापाचं यंत्र. सगळ्या खोल्या मोजल्या, आवारही मोजलं, नदीकडची बाजूसुद्धा. म्युझियमला मोजमाप लागतंच. मी दोघांना चहा दिला. संयोगिता मात्र ते असेपर्यंत मागच्या खोलीतनं बाहेर आली नाही. कलाकार लोक लाजरे असतात.

सोमवार, २३ जानेवारी

तानाजीचा फोन. "सही करून टाक, गडे. कोर्टकचेरी आपल्याला न्हाई परवडायची. मी येतो, आटपाडीला घर बांधू."

मी म्हटलं, "वीस वर्सं बांधताय. आधी पाया घाला, मग बोला." फोन ठेवला. हे कोर्टाला नको.

शुक्रवार, २७ जानेवारी

रागात लिहितेय म्हणून अक्षर असं.

छापखान्यातनं आमंत्रणपत्रिका आल्या. गठ्ठा सृष्टीनं सोडला. वाचून मला म्हणाली, "आई, तू बस आधी." वर मोठ्या अक्षरात: "घर जाण्याआधी." खाली बारीक: सांगलीतल्या एका ज्यू घराला, ते पाडलं जाण्यापूर्वी, दोन कलाकारांचा निरोप.

निरोप! आठ-दहा दिवस मी शिवतेय ते काय, तर घराचं कफन. दुहेरी शिलाईनं! तो टिकटिक यंत्रवाला बिल्डरचा माणूस, आणि त्याला मी आलं घालून चहा दिला.

मी संयोगिताला सोप्यात उभं केलं. "तुमाला म्हाईत हुतं?"

"हो."

"पैल्या दिसापासनं?"

"हो. राणीताई, मला वाटलं बेनींनी तुम्हाला सांगितलं असेल. मग लक्षात आलं की नाही सांगितलं, आणि मग... मला सांगता येईना."

"माज्याकडनं शिवून घेता आलं?"

ती रडायला लागली. मला लय राग आला. माझं घर जातंय आणि ही रडते! कापड मशीनवरनं ओढलं, कात्री उचलली. कापलं नाही. इतक्या दिवसांची शिलाई होती, हात उठेना. घडी करून तिच्या अंगावर टाकली आणि दार लावून घेतलं. मागच्या पडवीत येऊन बसले. पडवी बंगल्यात धरत नाहीत.

रविवार, २९ जानेवारी

शिवतेज गुळाची ढेप घेऊन आला, मार्केट यार्डातनं. कुणी सुचवलं असेल देव जाणे, माफी मागायला गूळ! म्हणाला, संयोगिता दोन दिवस जेवलेली नाही. म्हटलं, उपास काय फक्त तिनंच करायचा?

पण त्यानं कामाचं एक सांगितलं. घर दोघांच्या नावावर आहे. अर्धं बेनीसाहेबांचं, अर्धं त्यांच्या आत्याचं, म्हणजे साहेबांची लेक मिल्काबाई. वय एक्याऐंशी. त्या स्वतः येतायत. विक्रीच्या कागदावर त्यांची सही पाहिजे म्हणून बेनीसाहेबांनी तिकीट काढून बोलावलंय. १० तारखेला पोचणार, १२ ला कार्यक्रम, १३ ला सह्या.

माझं ठरलं. १२ तारखेला, सगळ्या लोकांसमोर, मिल्काबाईंनी डबी उघडायची आणि कागद वाचायचा. त्यांची भाषा, त्यांच्या बापाचा कागद. मग बघू कोण काय पाडतंय.

संध्याकाळी संयोगिता दारात आली. आत नाही आली, पायरीखाली उभी राहिली. म्हणाली, "ताई, आत प्रार्थनाच आहे. तुम्ही सगळ्यांसमोर उघडू नका. तुम्हाला लागेल ते."

मी म्हटलं, "मला काय लागायचं ते लागून झालंय. कापड आणा. अर्धवट काम मी ठेवत न्हाई."

रविवार, ५ फेब्रुवारी

हे फक्त माझ्यासाठी लिहिते.

दुपारी घरात कुणी नव्हतं. स्टूल घेतलं, स्क्रूड्रायव्हर घेतला. आधी आपणच बघून घ्यावं म्हटलं. दोन स्क्रू आहेत, दोन्ही माझ्याच ऑइलपेंटनं भरलेले. खरवडलं. वरचा जरासा हलला.

आणि मग डोक्यात आलं की एकोणीस साली पाणी हिच्यावरनं दोन हात होतं. चार दिवस. लोखंडी कपाटातली माझी मार्कशीट लगदा होऊन निघाली, तर ह्या डबीत काय राहिलं असेल? इतकी वर्षं मी हा विचार केलाच नाही. का नाही केला? चिखल काढला, भिंती धुतल्या, डबी घासून पुन्हा रंगवली, पण हलवून बघितली नाही.

उघडली नाही तोवर कागद आहे. हे मला कळतं. स्क्रू पुन्हा आवळला, खरवडलेल्या जागी रंगाचं बोट लावलं आणि स्टूल जागेवर ठेवलं. सृष्टीनं आल्या आल्या विचारलं, "रंगाचा वास कसला?" काही नाही म्हटलं.

ती जाता-येता डबीला हात लावत नाही. मी लावते, बोटं कपाळाला नेते. आबा ओठाला न्यायचा. सृष्टी म्हणते, "ज्याचा अर्थ माहीत नाही ते कशाला करायचं?" आज मीही स्वतःला तेच विचारलं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मिल्काबाई आल्या. बेनीसाहेबांच्या गाडीतनं उतरल्या, काठी टेकत. मला वाटलं होतं फ्रॉक घातलेली मडम असेल. सुती साडी, पांढरा बॉब, आणि मराठी अशी शुद्ध की मीच लाजले. पन्नास वर्षांत भाषेला धूळ लागू दिली नाही.

दाराशी आल्या. कुणाशी बोलायच्या आधी हात वर केला, डबीला लावला, बोटं ओठाला नेली. बोटांना कुंकू लागलं. बघत राहिल्या.

"हे कुणी लावलं?"

"मी," म्हटलं.

"तू कोंडीबाची कोण?"

"लेक. राणी."

"तुझा बाप मला खांद्यावर बसवून नदी दाखवायचा... नाही, ह्या बेनीला. मी तर तेव्हा तिशीची होते." आणि एकदम खाली बसल्या, पायरीवरच. जिथं संयोगिता बसली होती तिथं.

तासाभरानं मी सांगितलं की डबी १२ तारखेला उघडायची. त्यांनी कारण विचारलं. मी आबाचं वाक्य सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, "आमचा हक्काचा कागद हाय त्यात." बेनीसाहेब म्हणाले, "आत्या, मी तुला गाडीत सांगितलं होतं ना." म्हणजे माझ्यावर गाडीत हसून झालंय.

मिल्काबाई हसल्या नाहीत. "मी तो काढायलाच आले आहे," म्हणाल्या. "घरात आपलं माणूस राहत नसेल तर मेझुझा दारावर ठेवत नाहीत. जाताना वडिलांनी काढायला हवा होता. का नाही काढला, ते आईला तर मरेपर्यंत कोडं होतं."

म्हणजे उघडली काय, नाही उघडली काय, डबी जाणारच.

शनिवार, ११ फेब्रुवारी

मशीन बंद. मिल्काबाई सोप्यात खुर्ची टाकून दिवसभर बसल्या. आज स्क्रूला हात लावायचा नाही म्हणाल्या, शनिवारी नाही, तो त्यांच्या लोकांचा विसाव्याचा दिवस. मी म्हटलं, "म्हाईत हाय." त्या चमकल्या. म्हणाल्या, "आज क्लासला सुट्टी आहे का?"

मी म्हटलं, "आमी शनिवारी मशीन चालवत न्हाई. पुढं जाळ बी करत न्हाई. आबाची रीत हाय."

"कधीपासून?"

"मला कळतंय तवापासनं."

त्यांनी माझ्या झाकलेल्या मशीनकडं बघितलं. मग बेनीसाहेबांना हाक मारली. ते आत फोनवर बोलत होते, लॅपटॉप चालू, आणि मागच्या पडवीतनं त्यांना ऑम्लेट हवं होतं. मिल्काबाई नुसतं "काही नाही, जा," म्हणाल्या. मला कळलं नाही त्यांनी हाक कशाला मारली.

उद्या. मांडववाले येऊन खुर्च्या मांडून गेले. कापडाचं घर टांगून झालं. सुंदर दिसतं, मेलं.

रविवार, १२ फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते.

साठ-सत्तर माणसं आली. कापडाखालनं वर बघत फिरत होती, आतल्या खोलीत शिवतेजच्या पेटीतनं माझ्या मशीनचा आवाज येत होता, मग मध्येच बंद पडून नुसता गप्पपणा. बिल्डरही आला होता, पांढऱ्या शर्टात. बेनीसाहेबांच्या हातात माझ्या सहीचा कागद होता.

मी स्टुलावर चढले. सृष्टीनं स्टूल धरलं. वरचा स्क्रू सुटला, खालचा अडला. शिवतेजनं मदत करू का विचारलं, मी नाही म्हटलं. रंगाचे पंधरा-सोळा थर होते, माझे आणि आबाचे. शेवटी सुटला. डबी हातात आली, तिच्या पाठीमागं लाकूड नवंकोरं दिसलं. डबी हलवली. आवाज आला नाही. संयोगितानं डोळे मिटून घेतले.

मिल्काबाईंनी मागची पट्टी सरकवली आणि आतनं दुधाची पिशवी निघाली.

प्लास्टिकची, कापून बारीक गुंडाळी केलेली, वर घोंगडीच्या लोकरीचा काळा दोरा. आणि गाठ. ती गाठ मी ओळखली. मेंढराच्या गळ्यात घालायची असते, कितीही ओढलं तरी गळा आवळत नाही आणि आपोआप सुटतही नाही. आटपाडीकडं म्हाताऱ्यांनाच येते ती, मला आबानं लहानपणी शिकवलेली. आबानं दोन हजार पाचच्या पुरानंतर कधीतरी उघडून बांधलं असणार. मला बोलला नाही. स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण भिजू दिलं नाही.

गाठ मिल्काबाईंना सुटेना. मी सोडली. आत चामड्याची गुंडाळी, कोरडी ठाक. काळी अक्षरं अशी, जणू आत्ता लिहिलीत.

"वाचा," मी म्हटलं. "मराठीत सांगा. सगळ्यास्नी ऐकू दे."

त्यांनी चष्मा लावला. आधी त्यांच्या भाषेत ओळ वाचायच्या, मग मराठी. देव एकच आहे, त्याच्यावर सगळ्या जिवानं प्रेम कर. हे शब्द मुलांना शिकव, घरात बसताना, वाटेनं चालताना म्हण. हे शब्द आपल्या घराच्या चौकटीवर लिही. मग पाऊस वेळेवर पडेल, धान्य होईल, गुरांना कुरणात गवत मिळेल.

प्रार्थनाच होती. संयोगिता खरं बोलत होती. कोंडीबाचं नाव नाही, बंगल्याचं नाव नाही. कान तापले, वाटलं इतक्या लोकांत आता खाली बसावं. बिल्डर घड्याळ बघत होता.

मिल्काबाई शेवटच्या ओळीवर आल्या. "म्हणजे तुझे आणि तुझ्या मुलांचे दिवस त्या भूमीवर..."

"...वाढतील, वर आभाळ हाय तवर," मी म्हटलं.

माझ्या तोंडातनं गेलंच ते. त्यांनी कागद खाली केला. "तुला कुणी सांगितलं हे?"

"आबानं. सायबानं त्येला वाचून दावलं हुतं."

"कधी?"

"दुष्काळात. तो गेटात आला तवा."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मी विचारलं, "ह्यात 'तुझे' म्हणजे कुणाचे?"

"आमच्या लोकांना सांगितलंय ते. देवानं."

"मग मेंढरं मेलेल्या माणसाला कशाला वाचून दावायचं?"

त्यांनी ती ओळ पुन्हा मनात वाचली.

मला मात्र कळायचं ते कळलं. आबा खोटं बोलला नव्हता. साहेबही खोटं बोलले नव्हते. पण हा मालकीचा कागद नव्हे. मग मी बेनीसाहेबांच्या हातातनं त्यांचं पत्र घेतलं. आम्ही मालक नाही, हे खरंच आहे. देखभालीसाठी राहतो, हेही खरं. मालकांनी सांगितल्यावर सोडू. स्टुलावर ठेवून सही केली. सृष्टी "आई!" म्हणून ओरडली. मी म्हटलं, "खऱ्यावर सही करायला कसली लाज?" पण रडू आलं, तेही लिहून ठेवते.

बेनीसाहेब पत्र घ्यायला पुढं झाले, तर मिल्काबाईंनी हात केला. पत्र घेऊन वाचलं, दोनदा. म्हणाल्या, "मालकांनी सांगितल्यावर, असं लिहिलंय."

"हो आत्या."

"मग मी अजून सांगितलेलं नाही."

"आत्या, उद्या सह्या आहेत. बिल्डर इथं उभा आहे."

"उभा राहू दे. बेनी, काल शनिवार होता, तुला आठवतंय?" बेनीसाहेबांचा चेहरा पडला. त्या माझ्याकडं वळल्या, गुंडाळी पुढं केली. "ती गाठ मला येत नाही. तू बांध. आणि होतं तिथं परत लाव."

"तुमी काढायला आला हुता."

"घरात आपलं माणूस राहत नसेल तर काढतात," त्या म्हणाल्या.

मी पिशवीत गुंडाळलं, दोरा घेतला. गाठ तिसऱ्या वेळी बसली. स्टुलावर चढून डबी लावली. सरळ लावायला गेले तर खालनं मिल्काबाई म्हणाल्या, "तिरकी."

शनिवार, १८ फेब्रुवारी. महाशिवरात्र

मशीन बंद. मिल्काबाई गुरुवारी गेल्या. सही न करता. बेनीसाहेब त्यांना विमानतळावर पोचवायला गेले, पण गाडीत कुणी कुणाशी बोललं नसणार. मला जाताना म्हणाले, "कायद्यात याला काही अर्थ नाही, माहीत आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "म्हाईत हाय." मिल्काबाई एक्याऐंशीच्या आहेत, हेही मला माहीत आहे. त्यांच्यामागं त्यांची मुलं काय करतील, कोण सांगावं.

तानाजीला फोनवर सगळं सांगितलं. आधी सही केली म्हणून खूश झाला, मग नीट कळल्यावर म्हणाला, "म्हणजे झालं काय नेमकं?" मी म्हटलं, "घरी या, मग सांगते."

वकीलसाहेबांनी वही मागितली आहे. द्यायची नाही. त्यांना आबाची गाठ काय कळणार आणि त्यांच्या कोर्टाला तरी काय कळणार.

संयोगितानं कापडाचं घर मला देऊन टाकलं. घडी करून कपाटात ठेवलंय, डांबराच्या गोळ्या घालून. दोन दिवसांपूर्वी तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलली, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, येत्या दसऱ्याला दाराला रंग द्याल ना? तेव्हा डबीचे तेवढे स्क्रू रंगवू नका."

सृष्टी आज सकाळी मैत्रिणीकडं निघाली. दारात थांबली, माझं लक्ष नाही असं बघून डबीला बोटं लावली आणि ती ओठाला नेऊ की कपाळाला, असं करत क्षणभर तशीच उभी राहिली. मी मान वर केली नाही. मग चप्पल घालून गेली.